चित्राखाली साल लिहा



एस्किमो म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? बर्फाचे घुमटासारखे घर, अंगात केसाळ कातड्याचा डगला आणि हातात भाला. वर्गातल्या तक्त्यांवर हेच चित्र असते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे, असे माझे मत आहे.

कॅनडा व ग्रीनलंडमधले हे लोक स्वतःला ‘इनुइट’ म्हणवतात. इनुइट म्हणजे माणसे. त्यांच्या भाषेत ‘इग्लू’ म्हणजे नुसते घर, मग ते कशाचे का असेना. बर्फाची घरे मुख्यतः कॅनडाच्या उत्तर भागात, तीही हिवाळ्यात बांधत. उन्हाळ्यात कातड्याचे तंबू असत. आज ते लोक साध्या घरांत राहतात आणि त्यांची मुले आपल्यासारखीच शाळेत जातात.

मग ते चित्र आपल्या डोक्यात बसले कसे? त्यात एका मूकपटाचा मोठा वाटा आहे. १९२२ साली रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ आला आणि खूप गाजला. त्या काळी तिथल्या शिकाऱ्यांकडे बंदुका होत्या, पण पडद्यावर भाले दाखवले. इग्लूत उजेड पुरेना, म्हणून एका बाजूने उघडे घर बांधून आतला देखावा घेतला. बघणाऱ्यांना वाटले, हे लोक रोज असेच राहतात!

केनोजुआक अशेवाक या इनुइट चित्रकार बाईंचा जन्म १९२७ साली बर्फाच्या घरातच झाला. पण १९६० साली त्यांनी काढलेल्या प्रसिद्ध चित्रात इग्लू नाही, लांबलांब पिसांचे घुबड आहे. १९७० साली कॅनडाने ते टपाल तिकिटावर छापले.

आपले तरी काय? वेशभूषेच्या तक्त्यावर महाराष्ट्र म्हणजे फेटेवाला गडी आणि नऊवारीतली बाई. आज शाळेत आलेल्या आईवडिलांकडे पाहा बरे. त्यातले किती जण तसे दिसतात? उद्या परक्या मुलांनी आपल्याला फेट्यावरून ओळखले तर चालेल का?

म्हणून माझी एक सूचना आहे. तक्ते काढू नका. पण प्रत्येकाखाली लिहा : चित्र कुठले, कोणत्या सालचे, कोणी काढलेले. माहीत नसेल तर तसेच लिहा. पहिलीच्या पोरांना वाचता येत नाही, ती नुसती चित्रेच बघतात. त्यांना आपण मोठ्यांनी वाचून दाखवू.