पद्मेकाठचा भात, वैनगंगेकाठी

मुलांनो, यवतमाळहून वणीमार्गे चंद्रपूरला जाताना वाटेत वर्धा नदी लागते. ती ओलांडली की आपला जिल्हा संपतो. चंद्रपूर शहरात एका भागाचं नावच 'बंगाली कॅम्प' आहे. तिथून पुढे वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरलात, की चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत अशी कितीतरी गावं लागतात, जिथे घरोघरी बंगाली बोलतात. मुलं शाळेत मराठी शिकतात, मित्रांशी फर्डी मराठी बोलतात आणि घरी आल्यावर आईला 'मा, भात दे' म्हणतात.

आता बंगाल कुठे आणि गडचिरोली कुठे? ही माणसं इथे आली कशी?

१९४७ साली आपला देश स्वतंत्र झाला, तेव्हाच त्याची फाळणीही झाली. बंगालचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडचा तुकडा पूर्व पाकिस्तान झाला. तिथल्या लाखो हिंदू कुटुंबांना पुढच्या वर्षांत घरदार सोडावं लागलं. १९६४ च्या दंगलींनंतर तर लोंढेच्या लोंढे आले. खुलना, बारिसाल, फरीदपूर, जेसोर अशा जिल्ह्यांतले हे लोक. बहुतेक शेतकरी आणि कोळी. रायपूरजवळ माना नावाच्या गावी त्यांच्यासाठी मोठी छावणी होती. तिथून त्यांना वेगवेगळीकडे पाठवलं, तसं काहींना आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात. (गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, बरं का. तेव्हा तो चंद्रपुरातच होता.) तिथे आधीपासून गोंड आणि माडिया लोकांची वस्ती होती, घनदाट जंगल होतं. त्या जंगलाच्या कडेला या मंडळींनी भाताची बांधी तयार केली.

पुढे १९७१ साली पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला. म्हणजे गंमत बघा, आज ज्याला आपण बांगलादेशी स्वयंपाक म्हणू, तो त्या देशाचं नाव ठरायच्या आधीच आपल्या शेजारी येऊन पोचला होता!

बांगलादेश म्हणजे नद्यांचा देश. गंगा तिथे पद्मा होते, ब्रह्मपुत्रा जमुना होते, मेघना त्यांना मिळते. जिथे तिथे पाणी, तेव्हा ताटात भात आणि मासे असणारच. 'माछे-भाते बांगाली' अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. तेल मोहरीचं. नाकात झणका जाईल असं. फोडणीला तिकडे म्हणतात 'फोरन', आणि त्यांची खास फोडणी म्हणजे 'पाँच फोरन': मेथी, जिरं, कलौंजी, बडीशेप आणि मोहरी, पाचही दाणे अख्खेच तेलात टाकायचे. मोहरी वाटूनही घालतात. नुसती वाटली तर ती कडू होते, म्हणून वाटताना बायका तिच्यात मीठ आणि हिरवी मिरची घालतात. कुठल्याही पुस्तकाशिवाय शिकलेलं रसायनशास्त्रच हे!

माशांचा राजा म्हणजे इलिश, आपण ज्याला हिल्सा म्हणतो. हा बांगलादेशाचा राष्ट्रीय मासा. राहतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीत चढतो, प्रवाहाच्या उलट. अंगात इतके बारीक काटे, की नवख्याने खाताना गप्पा मारूच नयेत. त्याची वीण टिकावी म्हणून बांगलादेशात ऑक्टोबरच्या सुमाराला २२ दिवस हा मासा धरायला बंदी असते.

आता भूगोलाची वही काढा. आपली पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. त्याच उपसागरात पद्मा-मेघनेचंही पाणी जातं. आणि तोच हिल्सा पावसाळ्यात गोदावरीतही चढतो! आंध्रात त्याला 'पुलसा' म्हणतात आणि तो फार महाग विकला जातो. मग तो वर चढत चढत आपल्याकडे का येत नाही? वाटेत राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा आहे. आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज अभियंत्याने तो १८५२ साली पुरा केला, आता तिथे नवा मोठा बंधारा आहे. हिल्साची धाव तिथपर्यंतच.

तेव्हा वैनगंगेकाठी आलेल्या बंगाली आजींना इलिश कुठून मिळणार? त्यांनी मोहरीचं वाटण रोहू-कटल्याला लावलं. गडचिरोली-चंद्रपूरकडे जुने मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. तिथे मासळी भरपूर. आपली मरळ म्हणजे त्यांचा 'शोल', रोहू म्हणजे 'रुई'. ओळखीचे निघाले की नाही? संक्रांतीला आपण तिळगूळ करतो, त्याच दिवशी ते तांदळाच्या पिठाचे 'पिठे' करतात, आत खोबरं आणि गूळ. तिकडे हा गूळ खजुरीच्या रसाचा असतो. ही खजुरी म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, ओढ्याकाठी वाढते ती आपली शिंदी.

आणि एक पदार्थ सांगतो, 'पांता भात'. रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचं. सकाळपर्यंत तो किंचित आंबतो. मग मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि वरून कच्चं मोहरीचं तेल. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याची ही न्याहारी. पोटाला थंड आणि खर्च जवळजवळ नाही.

तुम्ही नाक मुरडलंत ना? शिळा भात!

मी वर्गात एकदा 'माझा आवडता पदार्थ' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. अर्ध्याहून जास्त वह्यांत पनीर निघालं, बाकीच्यांत मंचुरियन. यांतल्या कित्येकांनी ते एखाद्या लग्नातच खाल्लेलं. रोज घरी अंबाडीची भाजी, कण्या, बेसन-भाकर चापून खाणारी ही पोरं. मी विचारलं, भाकर का नाही लिहिली? एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ते थोडीच लिहायचं असते!"

तिचं उत्तर मला बरेच दिवस छळत होतं. कारण असंच काहीसं फार मोठ्या प्रमाणावर घडलं आहे, तेही थेट लंडनमध्ये.

बांगलादेशाच्या ईशान्येला सिल्हेट नावाचा भाग आहे. तिथले तरुण इंग्रजांच्या बोटींवर खलाशी म्हणून जात. इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालण्याचं जिवावरचं काम. त्यांतले काही लंडनच्या बंदरात उतरले ते तिथेच राहिले. कोणी खानावळीत भांडी घासली, कोणी पुढे स्वतःचं हॉटेल काढलं. मागून गावची माणसं आली. होता होता ब्रिटनमधली बहुतेक 'इंडियन' हॉटेलं या सिल्हेटी लोकांच्या हाती आली. पाटीवर नाव इंडियन, मालक बांगलादेशी, आणि यादीत काय? गोव्याचा विंदालू, मोगलाई कोर्मा, आणि चिकन टिक्का मसाला. हा शेवटचा तर इतका आवडता झाला, की २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी तोच आमचा खरा राष्ट्रीय पदार्थ असं भाषणात सांगितलं.

पण त्या यादीत सुक्या मासळीची 'शुटकी' नव्हती. सिल्हेटचं 'सातकरा' नावाचं जाड सालीचं लिंबू घातलेलं कालवण नव्हतं. पांता भात तर नव्हताच. गिऱ्हाइकं जेवून गेल्यावर आचारी-वाढपी मंडळी आतल्या बाजूला आपल्यापुरतं वेगळं रांधत आणि ते खात. गिऱ्हाइकाला जे रुचेल ते विकायचं, हा धंदा झाला, त्यात गैर काही नाही. मला आपलं एवढंच वाटतं, की त्या आतल्या भांड्यातलं एखाद्याने तरी मागून पाहायला हवं होतं.

ते झालं २०२१ मध्ये, आणि लंडनला नव्हे, ऑस्ट्रेलियात. मेलबर्नच्या किश्वर चौधरी या बांगलादेशी वंशाच्या बाईंनी 'मास्टरशेफ' या दूरदर्शनवरच्या मोठ्या स्पर्धेत शेवटची फेरी गाठली. शेवटच्या फेरीत लोक काय काय अवघड पदार्थ करतात! यांनी पांता भात केला. धुरी दिलेला, सोबत बटाट्याचा भोर्ता आणि मासा. असलं जेवण हॉटेलात बघायला मिळत नाही, असं त्यांनीच परीक्षकांना सांगितलं. परीक्षकांनी ते चाखूनमाखून खाल्लं. स्पर्धेत त्या तिसऱ्या आल्या.

'भोर्ता' हा शब्द ओळखीचा वाटला? आपलं भरीतच ते! आपण पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगं भाजतो, बांगलादेशात बटाटा, भोपळा, मासा, काहीही कुस्करून भोर्ता करतात. बटाट्याचा अगदी सोपा आहे. दोन बटाटे उकडून घ्या. एक सुकी लाल मिरची भाजून घ्या (विस्तवाचं काम आईबाबांकडे द्या हं). मिरची मिठाबरोबर हाताने चुरा, त्यात बारीक चिरलेला कांदा चुरडा, मग बटाटा आणि चमचाभर मोहरीचं तेल घालून चांगलं कुस्करा. मोहरीचं तेल नसेल तर आपलं जवसाचं चालेल, चव निराळी येईल, पण वाईट नाही. मी करून पाहिलंय. मिरचीचा हात डोळ्याला लावू नका.

गरम भाताबरोबर खा, नाहीतर भाकरीबरोबर. आणि तुमच्या घरी होणारा, पण कुठल्याही हॉटेलात न मिळणारा एखादा पदार्थ असेल, तर त्याचं नाव आणि कृती आजीला विचारून पत्राने कळवा. अक्षर सुवाच्य काढा. अंबाडी आणि कण्या लिहिल्या तरी चालतील.