चेन घरी बदला, मेस्त्रीचा मान राखा

हर्णे बंदरात मासळीचा लिलाव आटोपला की मोठा माल टेम्पोत चढतो आणि छोटा माल मोटारसायकलवर. मागच्या कॅरिअरला दोन क्रेट, मासळीवर बर्फ, बर्फावर गोणपाट, आणि गाडी दापोलीच्या, आंजर्ल्याच्या किंवा आतल्या वाड्यांच्या वाटेला लागते. या छोट्या व्यापाऱ्याचे दुकान म्हणजे त्याची गाडीच होय. गाडी थांबली की दुकान बंद. बर्फ मात्र वितळायचा थांबत नाही.

मागच्या मोसमात आमच्या घरच्याच एका मुलाची गाडी आसूदच्या चढावर अशी थांबली. दापोली समुद्रापासून सुमारे ८०० फूट उंचीवर आहे, तेव्हा बंदरावरून निघालेल्या प्रत्येक भरल्या गाडीला तो चढ चुकत नाही. चेन तुटली नव्हती, पुढच्या चक्रावरून सटकत होती. ॲक्सिलेटर पिळला की कडकड आवाज आणि गाडी जागच्या जागी. ओळखीच्या टेम्पोत क्रेट टाकून बाजार गाठेपर्यंत नेहमीचे गिऱ्हाईक निघून गेले होते. बांगडा पडेल त्या भावाने द्यावा लागला. घरी येऊन पाहिले तर चक्राचे दाते माशाच्या गळासारखे वाकलेले. तीन महिने त्या चेनकडे कोणी पाहिलेच नव्हते. दोष गाडीचा नव्हता, आमचाच होता.

म्हणून आमचे मत आम्ही सुरुवातीलाच मांडतो. मोटारसायकलवर पोट असलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला आणि कारागिराला आपल्या गाडीची चेन तपासता आली पाहिजे आणि दोन्ही चक्रांसह ती घरच्या अंगणात बदलता आली पाहिजे. ही चैन नव्हे. तराजू बरोबर आहे की नाही हे दुकानदाराला जसे कळावे लागते, तसेच हे आहे.

हर्ण्यासारख्या ठिकाणी ही गरज दुप्पट आहे. खारी हवा लोखंड खाते हे बंदरावरच्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्यातून क्रेटमधले बर्फाचे खारट पाणी नेमके चेनवर ठिबकते. काही जण माल उचलायला गाडी थेट ओल्या वाळूत नेतात. तिथली वाळू आणि आतल्या रस्त्यांची जांभ्याची लाल माती चेनच्या तेलात मिसळली की त्याचा कानसेसारखा पदार्थ तयार होतो. घाटमाथ्यावरच्या गाडीची चेन जितकी चालते, तितकी आपली चालेल अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे.

चेन 'लांबते' असे आपण म्हणतो. खरे तर पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि ती एका नळीत फिरते. तेल संपले की पिन आणि नळी एकमेकींना घासून झिजतात. शंभराहून अधिक कड्यांची केसभर झीज एकत्र झाली की चेन लोंबू लागते. ही रोलर चेन हान्स रेनॉल्ड या स्विस कारागिराने १८८० साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे बनवली. तिच्या रचनेत तेव्हापासून मूलभूत बदल झालेला नाही. २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, इंजिनात सेन्सर आले, तिथे घरचा पाना चालत नाही. पण मागच्या चाकाकडे जाणारी चेन तीच राहिली आहे. आपल्या हातात उरलेले हे काम आपण का सोडावे?

झीज ओळखण्यासाठी डोळ्यांपेक्षा पट्टी बरी. साध्या १०० सीसी गाड्यांच्या चेनला एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत १२.७ मिलिमीटर अंतर असते. चेन ताणून धरावी आणि पहिल्या पिनेपासून एकविसाव्या पिनेपर्यंत मोजावे. नवी चेन २५४ मिलिमीटर भरते. २५९ भरली, म्हणजे दोन टक्के झीज झाली, की तिची सेवा संपली असे समजावे.

आता नेहमीचा प्रश्न. नुसती चेन घेतली तर पैसे वाचतात, मग पूर्ण किट का घ्यावे? याला आमचे स्पष्ट उत्तर असे की ही बचत खोटी आहे. जुन्या चक्राचे दाते जुन्या चेनच्या मापाने झिजलेले असतात. नवी चेन त्यांवर नीट बसत नाही, सारा भार दोन-चार दात्यांवर येतो, आणि नवी चेन जुन्या चक्राच्या संगतीने लवकर म्हातारी होते. पुढचे चक्र तर आधीच झिजते. त्याला १४ दाते आणि मागच्याला ४२ धरले, तर मागचे एकदा फिरेपर्यंत पुढचे तीनदा फिरते. पुढच्या प्रत्येक दात्याला तिप्पट मजुरी! तेव्हा तिन्ही वस्तू एकत्र बदलाव्यात.

कामाची रीत अवघड नाही. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद आणि चावी खिशात. पुढच्या चक्रावरचे कव्हर आणि चेन कव्हर काढावे. जुनी चेन चक्रावर असतानाच दुसऱ्याला मागचा ब्रेक दाबायला सांगून पुढच्या चक्राचे बोल्ट सैल करून घ्यावेत. चेन आधी काढली तर चक्र हाताबरोबर फिरत राहते आणि बोल्टची डोकी जातात. मग चेनचे लॉक पकडीने काढावे. जुनी चेन पूर्ण ओढून टाकू नये. तिच्या टोकाला नवी चेन जोडून ओढली तर ती आपोआप पुढच्या चक्रावरून फिरून बाहेर येते. मार्ग कळला की ती बाजूला ठेवून पुढचे चक्र बदलावे.

मागच्या चक्रासाठी चाक उतरवावे लागते. ब्रेकचा रॉड आणि ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी सोडवावी, ॲक्सल काढावा, चक्राचे नट खोलावेत. नटांखाली वाकवलेली पत्र्याची जीभ असेल तर ती आधी सरळ करावी व नंतर पुन्हा वाकवावी. हात तिथवर गेलाच आहे तर आतले रबरही पाहून घ्यावेत.

बसवताना चार गोष्टींवर तडजोड नको. पहिली, लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवे, म्हणजे लॉक वरच्या बाजूला असताना ते पुढे. उलटे बसले तर घासून क्लिप निघू शकते. दुसरी, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. तिसरी, चेनला ढील हवी. छोट्या गाड्यांना बहुधा खालच्या बाजूला मधोमध दोन ते तीन सेंटिमीटर चालते, पण गाडीच्या पुस्तिकेत दिलेले मापच अंतिम मानावे. आमचे मासळीवाले बंधू चेन घट्ट ठेवतात आणि त्यावर क्रेट चढवतात. माल चढला की मागचा भाग दबतो, चेन आणखी ताणते आणि बेअरिंगचा जीव जातो. चौथी, ब्रेकची पट्टी, तिचा नट आणि ॲक्सलचा नट घट्ट झाल्याची दोनदा खात्री करावी. ती पट्टी विसरली तर ब्रेक दाबताच चाक जाम होऊ शकते. तिथे चेनचा नाही, जिवाचा प्रश्न येतो.

आणखी एक इशारा. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, गिअरमध्ये, आणि फिरत्या चेनला चिंधीने तेल लावणे, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. चिंधी ओढली जाते आणि तिच्यामागे बोट जाते. कारागिराचे बोट म्हणजे त्याचे भांडवल. चाक हातानेच फिरवावे.

जपणूक तर फुकटच आहे. बंदरावरून घरी आल्यावर चेनवर गोडे पाणी मारावे, पुसावे, सुकली की ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडावे. फार घाण झाली तर ब्रश आणि डिझेल पुरते, पेट्रोल नको. क्रेटखाली जाड प्लास्टिक लावून खारे पाणी एका बाजूला काढून द्यावे. १ जूनला पावसाळी बंदी लागली की गाडी तशीच ताडपत्रीखाली ढकलू नये. बंदीच्या पहिल्याच आठवड्यात चेनचे काम उरकावे.

आमचे गॅरेजवाले वाचक रागावतील याची आम्हाला जाणीव आहे. गिऱ्हाइकाने घरी काम केले तर मेस्त्रीने खावे काय? प्रश्न रास्त आहे. पण आमच्या मते ज्याला चेन कळते तोच मेस्त्रीच्या मजुरीची किंमत जाणतो. बेअरिंग, इंजिन, वेल्डिंग, नव्या गाड्यांचे सेन्सर ही कामे घरी होत नाहीत, होऊही नयेत. मोठ्या गाड्यांच्या रिबिट मारलेल्या चेनलाही यंत्र लागते, तिथे घरच्या हातोडीने शहाणपण करू नये. शिवाय पहिल्या वेळी किट मेस्त्रीकडूनच घ्यावे, त्याच्यासमोर बसून शिकावे आणि शिकवल्याची मजुरी त्याला हसत द्यावी. जुने सामान परत मागावे. अस्सल सांगून नकली चेन बसवणे हे माप मारण्यासारखेच आहे, आणि जो गिऱ्हाइकाला जुने दाते हातात देऊन दाखवतो त्याच्या गॅरेजपुढे गाड्या उभ्या राहतात, हा आमचा अनुभव आहे.

शेवटी मुलांविषयी. आमच्या कोकणातली कितीतरी मुले मुंबईला आणि आखातात जातात आणि हातात काही कसब नसल्याने हेल्पर म्हणून उभी राहतात. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द तयार होण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती घराच्या अंगणात, वडिलांच्या गाडीपासून सुरू होऊ शकते. येत्या सुट्टीच्या दिवशी पट्टी घ्या, मुलाला जवळ बोलवा आणि एकवीस पिना मोजायला सांगा. २५९ भरले तर सोमवारची वाट पाहू नका.