क्लच आधी सांगतो, ऐकायचं आपण!

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला पुसदहून वाशीमला निघाले होते. खंडाळ्याच्या घाटात इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी काही चढेना. जळका वास सुटला. भर उन्हात दोन तास आम्ही रस्त्याच्या कडेला. मिस्त्री आला नि म्हणाला, ‘‘ताई, क्लचप्लेट गेली. पण ती एका दिवसात जात नसते.’’ खरंच होतं. खुणा महिनाभर दिसत होत्या, मीच कानाडोळा केला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आज हा विषय.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवायचं काम क्लचचं. पेडल दाबलं की जोड सुटतो, सोडलं की जुळतो. शिवणयंत्राचा पट्टा सैल झाला की आपण पाय मारत राहतो नि सुई अडखळते ना? झिजलेल्या प्लेटचं तस्संच!

आता खुणा पाहू.

१. आवाज वाढतो, वेग वाढत नाही : क्लच स्लिप होतोय. हे चढावर, वरच्या गिअरमध्ये आधी कळतं. खात्रीसाठी मोकळ्या सपाट जागी, समोर कुणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढा. तिसऱ्या गिअरमध्ये थोडी रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. चालूच राहिलं तर स्लिप होतोय. लगेच पेडल दाबा. हा प्रयोग एकदाच करायचा! केबल फार ताणलेली असली तरी असं होतं, म्हणून आधी केबल बघायला सांगा.

२. गिअर करकरतो, विशेषतः रिव्हर्स : क्लच पुरता सुटत नाही. केबल सैल असेल किंवा, तेलावरचा क्लच असेल तर, तेल कमी झालं असेल.

३. पेडल दाबलं की आवाज, सोडलं की बंद : बहुधा रिलीज बेअरिंग. उलट असेल तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर.

४. गाडी सुटताना थरथरते : प्लेटवर तेल आलं असेल.

मिस्त्रीला नुसतं ‘क्लच बिघडलाय’ म्हणू नका. कधी, कुठल्या गिअरमध्ये, ते सांगा. प्लेट बदलायचीच तर प्रेशर प्लेट नि रिलीज बेअरिंगही सोबतच बदला, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा पडत नाही. जुने भाग मागून स्वतः पाहा.

आणि माझी चूक सांगून टाकते. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर ट्रॅक्टरांची रांग लागली की मी हाफ क्लचवर गाडी सरकवत राहायची. मोकळ्या रस्त्यावरही पाय पेडलवरच. तेवढ्यानेच प्लेट झिजते, बरं का! आता गाडी निघाली की सासूबाई मागून विचारतात, ‘‘पाय कुठं आहे वं?’’