मागितले एक, माथी मारले दुसरेच!

संगणकाला त्याच्या मालकाने दिलेली आज्ञा ही आज्ञा असते की विनंतीअर्ज? लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्त्या, चालवणाऱ्या तमाम धुरिणांना आमचा हा रोखठोक सवाल आहे.

गावच्या वाचनालयातले जुने संगणक पुन्हा कामाला लावावेत, म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही एका लॅपटॉपवर चाचणीपुरते लिनक्स घातले. नवे कोरे इन्स्टॉलेशन. टर्मिनल उघडून पहिलीच आज्ञा दिली, तर उत्तर आले: कुलूप मिळत नाही, ते दुसऱ्या प्रोसेसच्या ताब्यात आहे. कोण ही दुसरी प्रोसेस? आम्ही ती सुरू केली नव्हती, आम्हाला कोणी विचारलेही नव्हते. पडद्याआड परस्पर अपडेट चालले होते, तेही आमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा डेटा खात! कुलूप सुटेपर्यंत वीस मिनिटे गेली. मग एक साधा कॅल्क्युलेटर शोधला, तर त्याच नावाच्या, त्याच चित्राच्या तीन नोंदी. कोणती कुठून येते हे बारीक अक्षरांत. एक निवडली आणि बेरीज-वजाबाकीसाठी शेकडो एमबींचा डोंगर उतरू लागला. ज्यांच्याकडे वेगवान ब्रॉडबँड आहे त्यांना हे खपत असेल. खेड्यातल्या वाचनालयाला ते परवडत नाही.

पण डेटा परत भरता येतो, उडालेला विश्वास नाही. २०२० साली उबुंटू या डिस्ट्रोच्या २०.०४ आवृत्तीत जे झाले ते आम्ही विसरलेलो नाही. माणूस टाइप करतो, 'ॲप्ट इन्स्टॉल क्रोमियम-ब्राउझर'. ॲप्ट म्हणजे डेबियनच्या स्वयंसेवकांनी घडवलेले, १९९८ पासून लाखोंच्या हाताखाली राबलेले, सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन (पॅकेज मॅनेजर). ते काय आणते? एक पोकळ पॅकेज. ब्राउझर त्यात नाहीच. ते स्नॅप नावाच्या दुसऱ्याच यंत्रणेला हाक मारते आणि त्या यंत्रणेच्या दुकानातून माल उचलते. त्या दुकानाचा सर्व्हरकडचा सोर्स कोड उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने बंद कुलपात ठेवला आहे. २२.०४ मध्ये फायरफॉक्सचेही तेच केले. शिवाय स्नॅपची अपडेट्स आपोआप येणार. ती पुढे ढकलता येत, पण बेमुदत थांबवण्याची सोय मिळायला २०२२ ची अखेर उजाडली. खुल्या सॉफ्टवेअरच्या नावाने जमलेल्या लोकांना बंद दुकानाच्या दारात नेऊन उभे करणे, आणि तेही त्यांच्याच तोंडच्या आज्ञेचा आधार घेऊन, हा विश्वासघात आहे. सुरक्षिततेचे कारण आम्हाला सांगू नका. स्नॅप चांगले असेल तर उघड सांगून द्या, ज्याला हवे तो घेईल. लिनक्स मिंट या डिस्ट्रोने २०२० मध्येच ॲप्टच्या आडून येणाऱ्या स्नॅपला दार बंद केले. पाठीचा कणा असलेले लोक या क्षेत्रात आहेत, ही त्याची साक्ष.

आणि पॅकेज मॅनेजरच घर पाडू लागला तर? २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हा खेळांचा प्रोग्रॅम बसवायला घेतला. पॅकेजांच्या अवलंबनांत घोळ होता. ॲप्टने लांबलचक यादी दाखवली, धोक्याचा इशारा दिला आणि 'येस, डू ॲज आय से' हे वाक्य टाइप करायला लावले. त्याने केले, आणि सारा डेस्कटॉप उखडला गेला. कुंपणानेच शेत खाल्ले! लोकांनी खापर फोडले ते वापरणाऱ्याच्या डोक्यावर: इशारा वाचला का नाहीस? अहो, खेळाचा प्रोग्रॅम मागणाऱ्यापुढे घर पाडण्याचा कागद सहीला ठेवलाच कोणी? ॲप्टच्या कर्त्यांनी त्यानंतर अत्यावश्यक पॅकेजे अशी सहजासहजी उडवता येऊ नयेत अशी तजवीज केली. म्हणजे ते करता येत होते. मग आधी का केले नाही?

रात्री जागून, पदरमोड करून पॅकेजे सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांविरुद्ध आमची तक्रार नाही. त्यांच्या श्रमांवर तर हा डोलारा उभा आहे. आमचा राग त्यांच्या कष्टाचे नाणे वापरून दुसराच माल खपवणाऱ्यांवर आहे. त्यांच्याकडे आमची मागणी एवढीच: मागितलेले पॅकेज तुमच्यापाशी असेल तर तेच द्या. नसेल, तर पडद्यावर स्वच्छ 'नाही' लिहा आणि तिथेच थांबा.