तीनशेतले एकशेबेचाळिसावे चित्र

छापील चित्राच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेला एक अपूर्णांक आणि त्याच्या शेजारी चित्रकाराची सही, एवढ्या भांडवलावर हल्ली चित्रांचा एक मोठा बाजार उभा आहे. वर १४२ आणि खाली ३०० असे असेल, तर त्याचा अर्थ असा की, ह्या चित्राच्या तीनशेच प्रती काढल्या आणि आपल्या हाती आलेली त्यांतली एकशेबेचाळिसावी. माझ्या भाच्याच्या पुण्याच्या घरात असे एक चित्र आहे. ताकाशी मुराकामी ह्या जपानी चित्रकाराचे. हसऱ्या तोंडाची, गोल पाकळ्यांची फुले एकमेकांना खेटून अगदी कागदाच्या काठापर्यंत दाटलेली. बालाघाटहून गेलेल्या आमच्या मंडळींपैकी एका मावशींनी ते पाहून "हे पेढ्याच्या डब्यावर असते तसे दिसते," असे म्हटले, आणि भाचा रुसला. किंमत त्याने मला बाजूला घेऊन सांगितली. ती घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगण्यासारखी नव्हती.

वास्तविक रुसण्याचे कारण नव्हते. मावशींचे निरीक्षण बरोबर होते, आणि चित्रही काही वाईट नाही. मुराकामी १९६२ चा, टोकियोचा. परंपरागत जपानी चित्रपद्धतीत त्याने रीतसर डॉक्टरेट मिळवली, आणि मग २००० साली 'सुपरफ्लॅट', म्हणजे अतिसपाट, ह्या नावाने एक मत मांडले. एदो काळातली जुनी चित्रे, आजच्या चित्रकथा आणि दुकानातला रंगीबेरंगी माल हे सगळे एकाच सपाट पातळीवर आहेत. उच्च कला आणि बाजारू कला असा पंक्तिभेद जपानात मुळात नव्हता, असे त्याचे म्हणणे. २००३ मध्ये त्याने एका प्रसिद्ध फ्रेंच कारखान्याच्या पिशव्यांवर आपली चित्रे घातली, तीही ह्याच न्यायाने. तेव्हा डब्यावरचे चित्र म्हणणे ही त्याच्या दृष्टीने निंदा नव्हेच. योशितोमो नाराच्या रागीट डोळ्यांच्या मुली किंवा यायोई कुसामाचे ठिपक्याठिपक्यांचे भोपळे ह्यांचेही असेच. पाहताक्षणी ओळखू यावे, मुलाला आवडावे, हा त्यांचा स्वभाव आहे.

माझे भांडण आहे ते त्या अपूर्णांकाशी. त्याची उत्पत्ती पाहिली तर ती प्रामाणिक होती. एचिंग म्हणजे तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून घेतलेले चित्र. (तांब्याची आम्हां बालाघाटकरांना मलाजखंडामुळे ओळख आहे, पण चित्रासाठी नव्हे.) असा पत्रा यंत्राच्या दाबाखाली पुन्हा पुन्हा गेला की बारीक रेषा झिजतात. पहिल्या दहा प्रती जितक्या भरदार, तितकी शंभरावी नसते. म्हणून किती प्रती काढल्या आणि ही कितवी, हे गिऱ्हाइकाला सांगणे रास्त होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात ही रीत रूढ झाली, आणि प्रती पूर्ण झाल्यावर पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करण्याचीही. परंतु मुराकामीची बहुतेक छापील चित्रे ऑफसेट पद्धतीची आहेत. आपण वाचता ते वर्तमानपत्र ज्या जातीच्या यंत्रावर छापले जाते, त्याच जातीचे ते यंत्र. त्यातून तीनशे काय, तीन लाख निघाले तरी पहिल्यात आणि शेवटच्यात डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. येथे आकडा झिजेचा हिशेब सांगत नाही; तो दुर्मिळता निर्माण करतो. हे समजून कोणी पैसे मोजत असेल तर मला त्यात फसवणूक दिसत नाही. पण "मामा, ही गुंतवणूक आहे," असे जेव्हा मला सांगण्यात येते, तेव्हा मी गप्प बसत नाही.

गंमत अशी की, ज्या जपानी छापचित्रांनी जग जिंकले त्यांवर असला आकडा कधीच नव्हता. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट १८३१ च्या सुमाराची. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा लाकडावर कोरी, छापणारा एकेका रंगाचा ठोकळा उमटवी, आणि प्रकाशक मागणी असेल तोवर प्रती काढीत राही. ती हजारोंनी खपली, आणि घेणारी साधीसुधी शहरी माणसे होती. पुढे पॅरिसमध्ये १८८६-८७ च्या हिवाळ्यात व्हॅन गॉगने अशी सुमारे ६६० चित्रे घेतली. हेतू व्यापाराचा होता. एका कॅफेत त्याने त्यांचे प्रदर्शनही मांडले, पण ते फसले. चित्रे त्याच्याजवळच राहिली, आणि १८८७ मध्येच त्याने हिरोशिगेची दोन चित्रे तैलरंगात उतरवून काढली. व्यापार फसला म्हणून पाहणे घडले.

आता आपल्या घरांकडे वळू. भोसल्यांच्या अमलात किंवा मागाहून मालगुजारी, वकिली, लाकूड आणि मँगनीज ह्यांच्या निमित्ताने बालाघाटात स्थिरावलेल्या मराठी घरांत देवघराच्या भिंतीवर रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती असायचीच. शिवाय पुण्याच्या चित्रशाळेचे रामपंचायतन, कोठे नाना फडणीस. चित्रशाळा १८७८ मध्ये निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा तीत हात होता. रविवर्म्याचा मुंबईचा शिळाछापखाना १८९४ चा. त्यापूर्वी सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली होती, आणि ती बडोद्यास जाण्यापूर्वी मुंबईत मांडली तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. राजवाड्याच्या भिंतीवरची चित्रे सामान्यांच्या ओसरीवर यावीत, ही मागणी तेथून बळावली. यंत्रे आणि कारागीर जर्मनीचे. एकेका रंगाला वेगळी शिळा, वर वार्निश. गिरगावातून हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. कर्ज फिटेना म्हणून रविवर्म्याने तो श्लायखर ह्या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाच्या आधी ह्या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ मध्ये तो आगीत जळाला.

ह्या चित्रांवर अपूर्णांक नाही. किती छापली त्याची मोजदाद नाही. आजच्या बाजाराच्या भाषेत ती अमर्याद. आणि तरीही तुमच्या घरातली प्रत तिच्यासारखी एकटीच आहे. कारण कोणा आजीने लक्ष्मीच्या लुगड्यावर खरी जर चिकटवली, टिकल्या लावल्या, मोत्यांच्या जागी बारीक मणी शिवले. कोणा घरी उदबत्तीच्या धुराने वरचा भाग सोनेरी-तपकिरी झाला. आमच्या घरच्या सरस्वतीच्या काचेवर उजव्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचे एक बोट आहे. ते पुसायचे नाही अशी ताकीद होती, आणि कोणाच्या बोटाचे ते सांगणारे माणूस आता उरले नाही. ही दुर्मिळता कोणी ठरवून आणली नाही. ती वापराने आली.

आणि हीच चित्रे आज आमच्या गावातून निघून चालली आहेत. जुना वाडा पाडून तीन मजली घर बांधायचे ठरले की दारात एक गृहस्थ मोटारसायकलवर येतात. ते चित्र मागतच नाहीत. सागवानी चौकट मागतात. "चित्र खराबच झाले आहे, हवे तर काढून ठेवा," असे वर म्हणतात, आणि कोणी काढून ठेवीत नाही. पाच-सातशे रुपयांत सहा चौकटी गेल्याचे मी ह्याच वर्षी पाहिले. तीच चित्रे मोठ्या शहरात साफ होऊन, नव्या काचेत, ज्या घरांत जातात त्या घरांतले लोक कदाचित शेजारच्या भिंतीवर मुराकामीही लावीत असतील. त्यांना माझी हरकत नाही. ते निदान चित्र ओळखतात. पण शंभर वर्षांहून जुनी कलाकृती खाजगी माणसाने देशाबाहेर पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, ही गोष्ट तरी विकणाऱ्याला ठाऊक असावी. चौकटवाल्यास ती नक्की ठाऊक असते.

ठेवायचेच असेल तर फार खर्च नाही. खालच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते. तेथे मुंबई आहे की कार्ला-लोणावळा, ते वहीत टिपून घ्यावे. मुंबईचे सामान्यतः आधीचे. कोणाच्या लग्नात, कोणत्या माहेराहून आले, हेही जाणते माणूस आहे तोवर लिहून ठेवावे. मागची लाकडी फळी मात्र बदलावी, कारण तिच्यातल्या आम्लानेच कागद तपकिरी होऊन तुटू लागतो. ओलीच्या भिंतीवर टांगू नये. काच चित्राला चिकटली तर ओढून काढू नये. कसर लागली आहे का, ते पावसाळा संपल्यावर पाहावे. डांबराच्या गोळ्या चौकटीत कोंबण्याचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नये.

नवे चित्र घेऊच नये, असे मी म्हणत नाही. घ्यावे, अपूर्णांकाचेही घ्यावे. मग जरा शेजारी पाहावे. मंडला जिल्हा आमच्या सीमेला लागून आहे. तेव्हाच्या त्या जिल्ह्यातले, आता दिंडोरीत गेलेले पाटणगढ हे गोंड-परधानांचे गाव. १९८१ मध्ये जगदीश स्वामीनाथन यांनी पाठविलेली मंडळी तेथे पोहोचली आणि जनगढ सिंह श्याम नावाच्या तरुणाची भिंतीवरची चित्रे पाहून त्याला भोपाळला घेऊन आली. १९८२ मध्ये भारत भवन उघडले. त्याच्या मुद्राचित्र विभागात जनगढ काम करू लागला, आणि ज्या हाताने माती सारवली त्याच हाताने एचिंग शिकला. देव, हरणे, साप, झाडे; आणि सगळे अंग ठिपक्यांनी आणि कंगव्यासारख्या रेघांनी भरलेले. १९८९ मध्ये त्याची चित्रे पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात गेली. तो जपानलाही गेला. निइगाता प्रांतातल्या मिथिला संग्रहालयात तो चित्रे काढीत होता. तेथेच ३ जुलै २००१ रोजी त्याचा अंत झाला. वय चाळिशीच्या आतले.

आमची घरे दीडदोनशे वर्षे ह्या लोकांच्या शेजारी आहेत. बैहरच्या बाजारात आम्ही त्यांच्याकडून मोह, चारोळी, लाख घेतली. भाव पाडून घेतली. त्यांनी घराच्या भिंतीवर काय काढले आहे ते पाहायला आमच्यापैकी फार थोडे गेले. बालाघाटच्या मराठी घरांत लंडनच्या राणीचे चित्र मी पाहिले आहे, स्वित्झर्लंडच्या तळ्याचे तर पाच-सहा ठिकाणी. गोंड चित्र एकाच घरी पाहिले, आणि ते सरकारी समारंभात भेट मिळालेले होते.

जपानी माणसांना ते दिसले. चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ मध्ये भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती ह्या तिघांच्या झाडांच्या चित्रांचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक काढले. काळ्या कागदावर, एकेक रंग हाताने रेशमी जाळीतून उमटवून. तिघेही जनगढच्याच परंपरेतले. २०१२ मध्ये ह्या पुस्तकाची जपानी आवृत्ती निघाली. छपाई चेन्नईतच, आणि दर नव्या छपाईला मुखपृष्ठावरचे झाड निराळे. त्यामुळे तिकडे ती प्रत्येक छपाई आवर्जून जमवणारे वाचक आहेत. म्हणजे आमचा भाचा टोकियोच्या चित्रकाराचा एकशेबेचाळिसावा कागद पुण्यात टांगतो, आणि टोकियोत कोणीतरी आमच्या शेजारच्या जंगलातल्या झाडांचा आकडा घातलेला कागद फळीवर ठेवतो.

इंग्रजी प्रत मी मागवून घेतली आहे. आकडा हाताने लिहिलेला आहे. पण मला त्याहून आवडला तो शाईचा थर: बोट फिरवले तर फांदी कागदावरून किंचित वर उठलेली लागते. मोहाच्या झाडाचे पान मी प्रथम काढून पाहिले.