नायगावचा भाऊ कुणी व्हायचं?

3 जानेवारीच्या, म्हणजे सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीच्या निमित्ताने या आठवड्यात एका शाळेत गेले होते. पाचवी ते सातवीच्या मुली नऊवारी नेसून ओळीने उभ्या होत्या. एकेक जण पुढे येई, ‘मी सावित्री’ म्हणून सुरुवात करी आणि अंगावर फेकलेल्या शेणगोळ्यांच्या वाक्याशी थांबे. मजकूर सगळ्यांचा एकच, पाठ केलेला. बाहेरच्या टेबलांवर, फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली त्या पुण्यातल्या भिडेवाड्याच्या थर्माकोलच्या विकतच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. तयार प्रकल्प विकणाऱ्या दुकानांबद्दल मी या जागेत पुष्कळदा लिहिलं आहे. मुलांच्या मनातली इतिहासाची गोडी जितकी या दुकानांनी मारली तितकी कंटाळवाण्या पाठ्यपुस्तकांनीही मारली नसेल, असं माझं मत आजही आहे.

राग मुलींचा नाही. त्यांनी मन लावून पाठ केलं होतं. पण त्या मंचावर सावित्रीबाईंशी वाद घालणारं कुणीच नव्हतं. समोर विरोधक नसेल तर धैर्य म्हणजे काय हे अकरा वर्षांच्या मुलीला कसं कळावं?

या पाठ भाषणांशेजारी सावित्रीबाईंचं 10 ऑक्टोबर 1856 चं पत्र ठेवून पाहा. आजारपणामुळे त्या नायगावला माहेरी आल्या होत्या; वय पंचवीस. पती जोतीरावांना लिहिताना घरात झालेला वाद त्या सांगतात. भावाचं म्हणणं असं, की महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हा दोघांना वाळीत टाकलं ते योग्यच झालं. जातीच्या रूढीप्रमाणे वागा. त्याच्या बोलण्याने आई अस्वस्थ होते. सावित्रीबाई त्याला विचारतात, की तू गाई-शेळ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसांना अस्पृश्य का मानतोस?

नाट्यीकरणाला याहून चांगला प्रसंग सापडणार नाही. तीन पात्रं, एक घर, आणि भावाबहिणीचं भांडण तर प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. शिक्षकांनी या प्रश्नापाशी पत्र थांबवावं आणि भावाला बोलू द्यावं. त्याची भूमिका वर्गातल्या सर्वांत हजरजबाबी मुलाला किंवा मुलीला द्यावी. गाव काय म्हणेल, घरातल्यांची लग्नं कशी जमतील, पाण्याला कोण येऊ देईल, ही भीती त्याने पोटतिडकीने मांडली पाहिजे. भाऊ दुबळा ठेवला तर पुन्हा भाषणच होईल. बाकीच्या वर्गाने तिघांना प्रश्न विचारावेत, आणि पत्रात पुढे काय झालं ते त्यानंतरच वाचून दाखवावं. मग प्रकल्प द्यावा: त्या रात्री भावाने जोतीरावांना पत्र लिहिलं असतं तर त्यात काय असतं? असं पत्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. कुणाला कोणती भूमिका, हे ठरवताना आडनावाकडे पाहायचं नाही, आणि अपमानाचा प्रसंग जसाच्या तसा करून दाखवायचा नाही. शेण फेकणं, अंगावर ओरडणं यातून समज येत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरची जुनी जखम मात्र सगळ्यांसमोर उघडी पडते. नायगावच्या त्या घरातला वाद हा युक्तिवादाचा आहे, म्हणूनच तो वर्गात आणता येतो.

वेळ नाही, हे उत्तर शिक्षकांकडून येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात कृती आणि शोध यांतून शिकणं आहे, महाराष्ट्रात 2010 पासून आकारिक मूल्यमापनात प्रकल्पालाही जागा आहे. आणि नऊवाऱ्या जमवण्यात, भाषणं घोटून घेण्यात जितक्या तासिका जातात, त्यातल्या दोन या पत्राला पुरेत. सहावीचा वर्ग त्यात रमला, तर सातवीसाठी सावित्रीबाईंनीच ओतूरहून 20 एप्रिल 1877 ला लिहिलेलं दुष्काळाचं पत्र आहे. त्यात भुकेली गावं आहेत, सावकार आहेत, मदतीला धावलेले सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आहेत आणि कलेक्टरसुद्धा आहे. म्हणजे चाळीस मुलांना पुरतील इतक्या भूमिका.