कवडशातली धूळ आणि अणुभट्टी

हंगामात भरदुपारी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगमध्ये जाऊन बघा. पत्र्याच्या भोकातून कवडसा उतरलेला असतो आणि त्यात तंतू, पातीचा चुरा, माती यांची नुसती झुंबड. हात-दोन हात बाजूची हवा मात्र स्वच्छ वाटते. धूळ तिथेही तेवढीच असते. कवडशातले कण उजेड चहूकडे विखुरतात, म्हणून तेवढे दिसतात. सरकी काढणाऱ्या यंत्रांजवळच्या, म्हणजे रेच्यांजवळच्या बाया नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधून सरकी लोटत असतात.

उजेडाच्या याच गुणावर अणुभट्टीच्या सुरक्षेच्या संशोधनातली काही मोजमापं चालतात. भट्टीतलं इंधन वितळण्यापर्यंत मजल गेली, तर सीझियम, आयोडीन, टेल्युरियम यांची वाफ होते आणि निवताना तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. भट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या बंदिस्त कवचात ते एकमेकांना चिकटतात, वाफेतलं पाणी पिऊन फुगतात, जड होऊन खाली बसतात. बसले ते बसले. जे तरंगत राहिले, त्यांना फट सापडली की ते वाऱ्याबरोबर गावांकडे निघतात. फुकुशिमात २०११ साली माणसांना घरं सोडावी लागली, त्यात या सीझियमचा वाटा मोठा होता. म्हणून किती कण, किती वेळ हवेत टिकतात, हे आधी कळावं लागतं.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यासाठी ‘न्यूक्लिअर एरोसोल टेस्ट फॅसिलिटी’ आहे. प्लाझ्मा टॉर्चने धातूची वाफ करून तिचे कण बंद टाकीत सोडायचे आणि त्यांचं वागणं बघायचं, असं तिथलं काम. प्रकाशावर चालणाऱ्या कणमापकात हवेची बारीक धार लेझरसमोरून जाते. प्रत्येक कण चमकतो, चमकेवरून आकार ठरतो. पण या चमकेला मर्यादा आहे. फार बारीक कणांत व्यास निम्मा झाला की चमक चौसष्ट पटींनी घटते. काजळीसारखा काळा कण प्रकाश गिळतो. दमट हवेत कण फुगतो आणि आकडाही फुगतो. कण किरणोत्सारी आहे की नाही, हे तर प्रकाश सांगतच नाही. त्यासाठी गाळणकागदावर कण धरून वेगळी मोजणी करावी लागते.

एवढी काटेकोर विद्या आपल्याच राज्यात आहे आणि वर्ध्याच्या जिनिंगमधली धूळ डोळ्यांच्या अंदाजावर सोडलेली आहे, हे मला पटत नाही. भट्टीचा अपघात कदाचित कधीच होणार नाही. कापसाची धूळ हंगामभर रोज छातीत जाते. तिच्यापासून होणारा बिसिनोसिस १९४८च्या कारखाना कायद्याने व्यवसायजन्य रोग मानला होता; सुटीनंतर कामावर आलं की छाती आवळते, ही त्याची ओळख. कच्च्या कापसाच्या धुळीला त्याच कायद्यात घनमीटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा होती.

स्वस्तातला मीटर भिंतीला टांगून मात्र भागणार नाही. कापसाचा तंतू लांबोडका असतो, गोल कणासाठी बेतलेलं यंत्र त्याच्यापुढे फसतं. शिवाय धुळीची मर्यादा वजनात ठरते आणि मीटर चमक मोजतो. हिंगणघाटची, पुलगावची, आर्वीची धूळ गाळणकागदावर घेऊन तोलायची आणि त्या वजनाशी मीटरचा आकडा जुळवायचा, हे काम आधी झालं पाहिजे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने ते हाती घ्यावं आणि या जुळवणीचा गुणक काढण्यासाठी ट्रॉम्बेच्या जाणकारांना बोलवावं. रेचे दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. यंत्रं त्याआधी लागली, तर पहिल्या गाडीच्या कापसापासूनची नोंद हाती येईल.